मेज कोणाचे?

नक्षीदार जुन्या इंग्रजी मेजाची किंमत नुसत्या लाकडावरून ठरत नाही. ते कोणाकोणाच्या मालकीचे होते, यावरूनही ठरते. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे लिहिण्याचे मेज पाहा. 1870 साली तो वारला आणि मेज घराण्यात राहिले. 2008 साली लंडनच्या लिलावात त्या मेजाला व खुर्चीला मिळून 4 लाख 33 हजार पौंड आले. 2015 साली सार्वजनिक निधीतून सुमारे 7 लाख 80 हजार पौंड मिळाले आणि मेज डिकन्स संग्रहालयाचे झाले. मालकांची अशी साखळी आहे. पण ते मेज महोगनीचे, आणि महोगनी काही इंग्लंडच्या रानात उगवत नाही. ते झाड तोडणाऱ्याचे नाव या साखळीत नाही.

खानदेशात हा प्रश्न आपल्या अंगाला येऊन भिडतो. 1818 साली इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास बसला आणि मेजावरून चालणारे राज्य सुरू झाले. 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी. साहेब फिरतीवर निघे तेव्हा सरकारी सामान गावोगाव पोचवणे हे वतनी महाराचे काम. मोबदला काय, तर वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते. ज्याच्या डोक्यावरून दप्तर गेले, त्याला त्या दप्तरातले अक्षर शिकू दिले नव्हते.

ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली. ती मंजूर झाली नाही. वतन मोडणारा कायदा यायला 1958 साल उजाडले. मधल्या काळात, 31 जुलै 1937 रोजी, बाबासाहेब बॅरिस्टर म्हणून धुळ्याच्या कोर्टात आले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ओझे वाहिले, त्यांच्यातला माणूस आता कायद्याचे पुस्तक घेऊन उभा होता. मेजाचा खरा इतिहास मला इथे बदललेला दिसतो. मेज विकत घेणारा त्याचा मालक होतो. पण त्यावर काय लिहिले जाईल हे ठरवण्याचा हक्क लढूनच मिळवावा लागतो.

वस्तू जपणे आपल्याला जमत नाही, असेही नाही. बाबासाहेबांचा टंकलेखक नानकचंद रत्तूंनी जपला. आज तो नागपूरजवळ चिचोलीला आहे. मग आपल्या घरांचे काय? विद्यार्थ्यांना मी सांगतो, वतनाचा कागद, घरातली पहिली वही, शाळेचा पहिला दाखला जपा. म्हाताऱ्यांच्या तोंडची वेठीची हकीकत गाव आणि साल घालून उतरवून घ्या. ती माणसे आता थोडीच उरली आहेत. साहेबाच्या मेजाला दीडशे वर्षांचा कागद आहे. ते वाहणाऱ्या डोक्याला एक पानही असू नये काय?