पायथॉनची दुसरी प्रत

पायथॉन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात एका फाइलमधून दुसरी फाइल आयात केली, की त्याने न मागितलेले ‘पायकॅश’ नावाचे एक फोल्डर शेजारी उगवते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील घरात असो वा ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत, हे सर्वत्र सारखेच घडते. आतली ‘पीवायसी’ फाइल उघडावी तर अगम्य चिन्हांची रांग दिसते. अनेक जण ती कचरा समजून पुसून टाकतात, आणि त्याने बिघडतही काही नाही. तरीही या फाइलीमागे जवळपास सहा दशकांचा इतिहास उभा आहे.

संगणकाला माणसाची आज्ञावली कळावी यासाठी दोन मार्ग होते. एक दुभाष्याचा: वाक्य ऐकावे, तेथल्या तेथे सांगावे. दुसरा अनुवादकाचा: संपूर्ण ग्रंथ एकदाच भाषांतरित करून ठेवावा. रायपूर ज्यांची कर्मभूमी, त्या माधवराव सप्रे यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, ते या दुसऱ्या मार्गाने. बाइटकोड हा मात्र मधला मार्ग आहे. अनुवाद होतो, पण तो कोणत्याही प्रत्यक्ष यंत्राच्या भाषेत नव्हे, तर एका कल्पित यंत्राच्या भाषेत.

ही कल्पना टंचाईतून आली. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास बीसीपीएल या भाषेसाठी ‘ओ-कोड’ वापरला. झुरिकमध्ये निकलाउस विर्थ यांच्या गटाने १९७० च्या दशकात पास्कलसाठी ‘पी-कोड’ घडवला. त्या काळी प्रत्येक संगणकाची यंत्रभाषा निराळी. प्रत्येकासाठी स्वतंत्र संकलक लिहिणे परवडणारे नव्हते. त्याऐवजी कल्पित यंत्राची नक्कल करणारी छोटी आज्ञावली तेवढी नव्याने लिहायची. सॅन डिएगो येथील केनेथ बोल्स यांच्या प्रयत्नांमुळे हाच पी-कोड छोट्या घरगुती संगणकांवरही पोहोचला.

खिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन प्रसृत केली, तोवर प्रश्न बदलला होता. पायथॉनमध्ये ‘पीवायसी’ फाइल ही मुख्यतः वेळ वाचवण्यासाठी जपून ठेवलेली प्रत असते. तिने आज्ञावली जलद सुरू होते. जलद चालत मात्र नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेले ‘मायावी’ हे त्रिमितीय वैज्ञानिक चित्रणाचे साधन वापरायला पायथॉनचे आहे. पण जड आकडेमोड सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या व्हीटीके संचाकडून होते. बाइटकोडची मर्यादा ओळखूनच अशी विभागणी करावी लागते.

जपलेली प्रत आली की जुनी शंकाही येते: ही प्रत मुळाशी जुळते का? पायथॉनने साधा उपाय योजला. मूळ फाइल शेवटी कधी बदलली ती वेळ प्रतीच्या आरंभी नोंदवायची आणि जुळली नाही तर पुन्हा संकलन करायचे. एकाच संगणकावर पायथॉनच्या दोन आवृत्त्या नांदू लागल्या, तेव्हा त्या एकमेकींच्या प्रती खोडू लागल्या. बॅरी वॉर्सॉ यांच्या प्रस्तावानुसार २०११ मधील ३.२ आवृत्तीत ‘पायकॅश’ फोल्डर आले आणि प्रत्येक आवृत्तीला आपले नाव लावलेली प्रत मिळाली. मात्र घड्याळ हा दुबळा साक्षीदार. तीच आज्ञावली दोन ठिकाणी संकलित केली तरी वेळेच्या नोंदीमुळे दोन प्रती वेगळ्या निघत, आणि कोणी मध्ये हात घातला की नाही हे पडताळणे अवघड होई. २०१८ मधील ३.७ आवृत्तीने वेळेऐवजी मूळ मजकुरावरून काढलेला हॅश नोंदवण्याची सोय दिली.

हा काटेकोरपणा कोणाला पांडित्य वाटेल. पण २०२३ मध्ये पायथॉनच्या सार्वजनिक भांडारात ‘एफशेक२’ नावाचे एक पॅकेज सापडले. त्यातील घातक भाग मूळ रूपात नव्हताच. तो केवळ ‘पीवायसी’ रूपात दडवला होता. तपासणीची पुष्कळ साधने मूळ मजकूरच वाचत, त्यामुळे तो त्यांच्या नजरेतून सुटू शकत होता. शेजारी मूळ फाइल असेल तेव्हा ‘पीवायसी’ निर्धास्त पुसावी. एकटीच आढळली तर तिच्याकडे संशयाने पाहावे. तिच्यातील सूचना एकेक करून उलगडून दाखवणारे ‘डिस’ हे मॉड्यूल पायथॉनसोबतच येते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही.