बंदुकीचा ‘चोक’ म्हणजे काय? रानडुकरासाठी कोणत्या नळीत कोणतं काडतूस?

धाराशिव जिल्ह्यात उसात, भुईमुगात रानडुकरं घुसू लागली की गावातल्या एखाद्या परवानाधारकाच्या बाराबोर दुनळीचा विषय निघतो. मग हमखास सल्ला मिळतो: ‘फुल चोकच्या नळीतून मार, जोर जास्त.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि कधीकधी धोक्याचाही.

त्याआधी कागदाचं. पीक राखायला शस्त्र परवाना मिळाला म्हणजे प्राणी मारायची मुभा मिळाली, असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. रानडुकरासाठी कलम 11 खाली वन विभागाची लेखी परवानगी लागते. काळवीट अनुसूची 1 मध्ये असल्याने त्याने कितीही पीक खाल्लं तरी ती मिळत नाही.

छऱ्याच्या बंदुकीची नळी तोंडाजवळ किंचित अरुंद केलेली असते. हे अरुंदपण म्हणजे चोक. त्याने जोर वाढत नाही, छर्रे किती अंतरापर्यंत एकत्र राहतील एवढंच ठरतं. बाराबोर नळीचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो. तोंडाशी तेवढीच राहणारी नळी ‘सिलिंडर’, अर्धा मिलिमीटर कमी होणारी ‘मॉडिफाइड’ किंवा हाफ, आणि एक मिलिमीटरच्या आसपास कमी होणारी ‘फुल’. सुमारे 36 मीटरवरच्या 76 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात सिलिंडरचे साधारण 40 टक्के, हाफचे 60 आणि फुलचे 70 टक्के छर्रे पडतात.

पण हा हिशोब पाखरांसाठीच्या बारीक छऱ्यांचा. रानडुकरासाठी एसजी किंवा एलजी काडतुसं वापरतात. एसजीत जेमतेम आठ-नऊ छर्रे, एलजीत त्याहून कमी. फुल चोकमधून जाताना हे जाड छर्रे एकमेकांवर दाबून चपटे होतात आणि भरकटतात. त्यामुळे त्यांना हाफ किंवा त्याहून मोकळी नळी सहसा बरी. नळीच्या मापाच्या एकाच भरीव गोळीचं काडतूस तर फुल चोकमध्ये घालूच नये; नळी फुगू किंवा फाटू शकते.

जुन्या दुनळीत चोक बदलता येत नाही, नळी तेवढी निवडता येते. बहुतेक दुनळ्यांत उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट असते. दोन चापांपैकी पुढचा उजवी नळी उडवतो, मागचा डावी. तरी आजोबांच्या बंदुकीबद्दल अंदाज बांधण्यापेक्षा परवानाधारक कारागिराकडून नळी मोजून घेतलेली बरी. नळी पुढून कापलेली असेल तर चोकही त्या तुकड्याबरोबर गेलेला असतो. शिवाय विनापरवाना नळी आखूड करणं हा शस्त्र कायदा 1959 खाली वेगळा गुन्हा आहे.