एकवचनी धंदा

पैसे मिळवून देणाऱ्या कामाला मराठीत धंदा म्हणतात. शब्द एकवचनात असेतोवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. 'काय धंदा करता?' असं विचारलं तर समोरचा खुशीत दुकानाचा पत्ता देतो. पण 'तुमचे धंदे ठाऊक आहेत मला' म्हणून बघा, तोच गृहस्थ बाह्या सरसावतो! एका मात्रेनं चारित्र्य गेलं. 'उद्योग' या भारदस्त शब्दाचीही तीच गत. पाटीवर तो 'उद्योगसमूह' असतो. घरात 'काय उद्योग करून ठेवलेस?' अशी आरोळी आली, की समजावं, दुधाचं पातेलं आडवं झालं.

हा सोवळेपणा जुना नाही. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असा आपल्या वाडवडिलांचा क्रम. आम्ही पांढरपेशांनी तो शीर्षासन करून वाचला. माझ्या मावसभावानं पिठाची गिरणी काढली. कमाई माझ्या पगाराच्या दुप्पट. पण लग्नाच्या बैठकीत मावशी सांगायची, "सध्या गिरणी बघतो," जणू गिरणी म्हणजे गोवरासारखं काहीतरी, यथावकाश बरं होणारं. तीन मुलींच्या वडिलांनी 'पत्रिका जुळत नाही' म्हणून कळवलं. पत्रिका तिघांनीही उघडली नव्हती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना तर चांगली मास्तरकी होती, मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये. बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कारखाना. १९०३ साली लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. नांगर दोनेक वर्षं पडून राहिले. आमच्या घरात असतं तर दोन आठवड्यांत कुणीतरी नोकरीचा अर्ज आणून दिला असता. लक्ष्मणराव हलले नाहीत. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना गेला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

एकवचनी म्हणजे दिला शब्द पाळणारा. नांगर मोडणार नाही म्हटलं, तर तो मोडता कामा नये. दळण पाचला म्हटलं, तर पाचला तयार हवं. माझ्या मावसभावाचं असतं. असा माणूस करतो तो धंदा. बाकीचे करतात ते धंदे. व्याकरणात हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण गिऱ्हाइकाला तो तोंडपाठ असतो.