बाग कोणाची, पाणी कोणाचे?

‘बाग’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, ‘हौद’ अरबी ‘हौज’वरून. वर्गात हे सांगितले की मुले खूश होतात. आपल्या घरातला शब्द मराठीच्या पुस्तकात भेटला म्हणजे त्यांना पाहुणा आल्यासारखे वाटते. पुण्याच्या उद्यानांचा इतिहास या दोन शब्दांच्या आधाराने वाचावा असे मला वाटते.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. पहिल्या बाजीरावाचा हा वाडा पुढच्या पेशव्यांनी वाढवत नेला. एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे. आत सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे होते. बागेची ही हौस मोगली दरबारांकडून आलेली, तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पण कारंजाला पाणी लागते. आमच्या देवळा-चांदवड भागात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे कांद्याचे रोप लावण्याआधी माणूस विहिरीत डोकावतो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरात आणले. ते वाड्यात गेले, तसेच पेठांमधल्या हौदांतही पडले. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी मलिक अंबर या हबशी वजीराने खडकी येथे, म्हणजे पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर येथे, नहर खेळवली होती. पाणी जमिनीखालून गावात आणण्याची ही विद्या दख्खनला नवी नव्हती.

पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी तळे केले. काठावर हिराबाग, तळ्यात बेट. या तळ्यात राजकारणाची गुप्त खलबते नावेत बसून चालत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवलेले असत, असे सांगितले जाते. म्हणजे या बागेत आमच्या हबशी भावाला जागा मिळाली ती त्याला भाषा कळत नव्हती म्हणून! बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपतीचे मंदिर उभारले.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि आतल्या इमारती राख झाल्या. तट आणि जोती तेवढी उरली. आज त्या जोत्यांमध्ये हिरवळ आहे, तिकीट काढून कोणीही आत जातो. पर्वतीचे तळेही पुढे आटवून बुजवले गेले आणि तिथे सारसबाग झाली. शेजारी १९५३ मध्ये पेशवे पार्क सुरू झाले. तिथले प्राणिसंग्रहालय पुढे कात्रजला हलवले, म्हणजे जिथून पाणी आले होते तिथेच.

एवढ्यावरून सार्वजनिक बाग महापालिकेने निर्माण केली असे वाटेल. मला ते पटत नाही. पेठांतल्या हौदांचे पाणी सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांना तिथे हात लावता येत नसे. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घराचा हौद त्यांना खुला केला. त्या घरात कारंजे नव्हते, हिरवळ नव्हती. पुण्यातल्या सार्वजनिक जागांची यादी करायची झाली तर मी सारसबागेच्या आधी तो हौद लिहीन. फुले वाडा आज स्मारक आहे. सारसबागेत सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना तिथेही न्यावे.