अपग्रेडनंतर बंद पडणाऱ्या व्हीपीएनची गोष्ट

लिनक्स अपग्रेड केलं आणि हापिसचं व्हीपीएन बंद पडलं... आपल्या जमातीची ही फार जुनी तक्रार. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होतं, आज चालत नाही, आणि मधल्या काळात बदललं काय तर फक्त अपग्रेड. मग काय, गुन्हेगार हजर! उबुंटूला शिव्या, डेबियनला शिव्या, "म्हणून मी सांगत होतो, चालतंय त्याला हात लावू नका" असं म्हणणारा एक सीनियर प्रत्येक टीममध्ये असतोच.

पण लॉग नीट वाचला तर शंभरेक ओळींच्या गदारोळात एखादी कामाची ओळ सापडते. 'सीए एमडी टू वीक'. किंवा 'डीएच की टू स्मॉल'. किंवा सर्व्हरचा बीएफ-सीबीसी नावाचा सायफर आपल्या यादीत नाही, अशी तक्रार. दिसायला कोरड्या ओळी, पण प्रत्येकीच्या मागे दहा-वीस वर्षांचा इतिहास आहे. आज तो सांगायचा आहे. कारण तो माहीत असला की रात्री अकरा वाजता, क्लायंटचा कॉल डोक्यावर असताना, आपण काय करायचं आणि काय नाही हे ठरवणं सोपं जातं.

आधी थोडं मुळाशी जाऊ. व्हीपीएन म्हणजे बोगदा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सार्वजनिक इंटरनेटच्या डोंगरातून खोदलेली आपली खाजगी वाट. ती सुरू व्हायची तर दोन्ही टोकांचं तीन गोष्टींवर एकमत व्हावं लागतं. एक, तू खरंच तूच आहेस का (सर्टिफिकेट). दोन, आपल्या दोघांतली गुप्त किल्ली कशी ठरवायची. तीन, त्या किल्लीने मजकूर कुठल्या कुलपात बंद करायचा (सायफर). वरच्या तीन एरर म्हणजे या तीन करारांपैकी एकेक मोडल्याची बातमी. आणि करार मोडायला दोघांपैकी एकाने मत बदललं तरी पुरतं. अपग्रेड तुमच्या लॅपटॉपचं झालं, सर्व्हर आहे तिथेच आहे, म्हणजे मत कोणी बदललं ते उघडच आहे. प्रश्न इतकाच की का बदललं?

सुरुवात पीपीटीपीपासून करू, कारण हा प्रोटोकॉल माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. :) १९९६ च्या विंडोज एनटी ४.० सोबत तो घरोघरी पोचला. १९९९ च्या त्याच्या आरएफसीवर जी नावं आहेत त्यात मायक्रोसॉफ्टचे गुरदीप सिंग पाल आहेत. सेटअप अगदी सोपा, यूजरनेम-पासवर्ड टाका की झालं. १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि मज या दोघांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीची चिरफाड करून दाखवली. त्यातलं काही मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलं, एमएस-चॅप व्ही२ आणलं, आणि जग पुढे चालू लागलं.

मात्र त्या व्ही२ मध्ये एक गंमत शिल्लक होती. पासवर्डचा हॅश १६ बाइटचा. त्याचे ७, ७ आणि २ बाइटचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकाची एक डीईएस किल्ली बनवायची. तिसऱ्या तुकड्यात खरे बाइट दोनच, बाकीच्या पाच जागी शून्यं! म्हणजे त्या किल्लीच्या शक्यता फक्त ६५,५३६. हा तर चहा गाळेपर्यंत होणारा हिशोब. उरलेल्या दोन किल्ल्या एकाच मजकुरावर वापरल्या जातात, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही शोधता येतात. थोडक्यात काय, तुम्ही पासवर्ड चाळीस अक्षरी ठेवा नाहीतर चार अक्षरी, सगळी मदार डीईएसच्या ५६ बिटांवर. २०१२ च्या डेफकॉनमध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी हेच करून दाखवलं, खास हार्डवेअर वापरून एका दिवसाच्या आत. २०१६ मध्ये ॲपलने आयओएस १० आणि मॅकओएस सिएरामधून पीपीटीपी काढूनच टाकला.

त्याच वर्षी लिनक्समध्येही पीपीटीपीवाल्यांची गोची झाली, पण कारण वेगळं. पीपीटीपीचं बोलणं टीसीपीच्या १७२३ पोर्टवर चालतं आणि खरा माल जीआरई नावाच्या दुसऱ्याच प्रोटोकॉलमधून जातो. फायरवॉलला या दोघांचं नातं समजावून सांगणारा मदतनीस कर्नलमध्ये असतो. कर्नल ४.७ पासून तो आपोआप कामाला लागणं बंद झालं, कारण त्याला फसवून फायरवॉलला भोकं पाडता येतात. परिणाम काय? कनेक्शन होतंय असं वाटतं, आणि मग ढिम्म काही नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण अपग्रेडनंतरचं प्रत्येक बंद व्हीपीएन हा सायफरचाच विषय असतो असं नाही. आधी लॉग, मग तत्त्वज्ञान.

आता 'सीए एमडी टू वीक' कडे वळू.

जेम्स योनन या प्रोग्रॅमरने २००१ मध्ये ओपनव्हीपीएनची पहिली आवृत्ती काढली. तो मध्य आशियात फिरत होता आणि तिथल्या अनोळखी नेटवर्कवरून अमेरिकेतल्या कामाला जोडला जात होता, त्या काळजीतून हे सुचलं. ओपनव्हीपीएनचं मोठेपण म्हणजे सर्टिफिकेट बनवायची साधी स्क्रिप्ट सोबत मिळायची, इझी-आरएसए. जगभरच्या हजारो सिस्टिम ॲडमिननी ती डोळे मिटून चालवली. तिच्या जुन्या आवृत्तीत ठरलेल्या गोष्टी अशा: किल्ली १०२४ बिट, मुदत ३,६५० दिवस, आणि सही एमडी५ ने.

एमडी५ हे रॉन रिव्हेस्टचं अपत्य, आरएफसी १९९२ चा. ऑगस्ट २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ येतो हे दाखवलं. "हो, पण प्रत्यक्षात काय करणार?" असं म्हणणाऱ्यांना डिसेंबर २००८ मध्ये उत्तर मिळालं. एका गटाने सुमारे २०० प्लेस्टेशन ३ जुंपून ब्राउझर विश्वास ठेवतील असं खोटं सीए सर्टिफिकेट बनवलं. २०१२ मध्ये तर फ्लेम नावाच्या हेरगिरीच्या मालवेअरने हीच युक्ती वापरून मायक्रोसॉफ्टच्या सहीचा आव आणला.

आता नुसता हिशोब करा. २०१० मध्ये कोणीतरी इझी-आरएसए चालवून दहा वर्षांची सर्टिफिकेटं बनवली. एमडी५ तेव्हाच मेलेला होता, पण व्हीपीएन चालत होतं, सगळे खूश. जुलै २०१९ मध्ये डेबियन १० आणि एप्रिल २०२० मध्ये उबुंटू २०.०४ आलं, दोघांनीही ओपनएसएसएलची सुरक्षा पातळी २ वर नेली. एमडी५ बाद, एसएचए-१ ची सही बाद, २०४८ बिटांखालची आरएसए किल्ली बाद. दहा वर्षं कोणी ढुंकून न पाहिलेली फाइल एका सकाळी एकदम एरर झाली!

दुसरी ओळ, 'डीएच की टू स्मॉल', ही तर कायद्याची गोष्ट आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. परदेशी पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम कमजोर कुलपं घालावी लागत. ही बंधनं जानेवारी २००० मध्ये बरीच सैल झाली. पण कायदा गेला तरी कोड राहतो ना! कमजोर 'एक्स्पोर्ट' पर्याय सर्व्हरांमध्ये तसेच पडून राहिले. मे २०१५ मध्ये लॉगजॅम हल्ला जाहीर झाला: मध्ये बसलेला माणूस दोन्ही टोकांना ५१२ बिटांच्या डिफी-हेलमनवर खाली ओढून आणू शकतो आणि ते फोडू शकतो. संशोधकांनी हेही सांगितलं की १०२४ बिट एखाद्या बड्या सरकारच्या आवाक्यात असू शकतात. पुढच्याच महिन्यात ओपनएसएसएलने ७६८ बिटांखालचं नाकारायला सुरुवात केली, २०१६ च्या जानेवारीत ती मर्यादा १०२४ झाली, आणि पातळी २ वर ती २०४८ आहे. कोणाच्या तरी हापिसातली २००७ ची १०२४ बिटांची डीएच फाइल अशी टप्प्याटप्प्याने बाद झाली.

तिसरी ओळ बीएफ-सीबीसीची. बीएफ म्हणजे ब्लोफिश, श्नायरचाच १९९३ चा सायफर, आणि ओपनव्हीपीएनचा कित्येक वर्षांचा डीफॉल्ट. ब्लोफिश म्हणून फुटलेला नाही, पण त्याचा ठोकळा ६४ बिटांचा, म्हणजे आठ बाइटचा. वर्गात २३ पोरं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, ते कोडं आठवतं? तोच हिशोब इथे लागतो. साधारण ३२ जीबी मजकूर एकाच किल्लीखाली गेला की दोन ठोकळे जुळायला लागतात आणि माहिती गळते. १९९३ मध्ये ३२ जीबी म्हणजे विनोद होता. आज तो एका बॅकअपचा आकडा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये कार्तिकेयन भार्गवन आणि गाएतान लरँ यांनी स्वीट३२ नावाने हा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला, दोन दिवसांच्या आत.

त्यानंतर ऑक्टोबर २०२० च्या ओपनव्हीपीएन २.५ ने एईएस-जीसीएम पुढे आणला. सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० ने ब्लोफिशला 'लेगसी' नावाच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. ती खोली मुळात बंद असते. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आणि जून २०२३ मध्ये डेबियन १२ हे घेऊन आलं. आमच्या एका क्लायंटचं व्हीपीएन नेमकं इथेच अडकलं होतं. त्यांच्या ॲडमिनचं उत्तर एका ओळीचं: "आमच्याकडे काहीच बदललेलं नाही." शंभर टक्के खरं होतं, आणि दुखणंही तेच होतं.

आता तुम्ही म्हणाल, डिस्ट्रोवाले दरवेळी शहाणेच असतात का? अजिबात नाही. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, एका तपासणी टूलची वॉर्निंग घालवण्यासाठी, दोन ओळी काढल्या गेल्या. त्यासरशी किल्ली बनवतानाची यादृच्छिकता जवळपास संपली, उरला फक्त प्रोसेस आयडी. एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता! हे उघड व्हायला मे २००८ उजाडला. तेव्हा आलेल्या अपडेटसोबत कमजोर किल्ल्यांच्या काळ्या याद्या आल्या, ओपनव्हीपीएनसाठीसुद्धा वेगळी यादी होती, आणि ओळखता येतील तिथे अशा किल्ल्या नाकारल्या जाऊ लागल्या. तेव्हाही लोक वैतागले असणारच. पण विचार करा, कोणीही एका दुपारात सगळ्या शक्यता तपासू शकेल अशा किल्लीवर तुमचं व्हीपीएन 'व्यवस्थित चालत' होतं. ते बंद पडणं ही त्या दोन वर्षांतली पहिली चांगली बातमी होती.

आता मुद्द्याचं. नेटवर शोधलं की उपाय लगेच मिळतो: सुरक्षा पातळी शून्य करा, लेगसी चालू करा, बीएफ-सीबीसी यादीत घाला. चालतं. पाच मिनिटांत चालतं. आणि मग ती ओळ पुढची पाच वर्षं तिथेच राहते. माझा नियम असा: कुबडी लागलीच तर ती फक्त त्या एका कनेक्शनच्या फाइलमध्ये. अख्ख्या मशिनच्या ओपनएसएसएलच्या सेटिंगला हात लावायचा नाही, नाहीतर त्या एका सर्व्हरपायी तुमची बाकीचीही कनेक्शन्स खाली उतरतात. शेजारी तारीख आणि कारण कॉमेंटमध्ये. आणि समोरच्या ॲडमिनला मेल, ज्यात "चालत नाही" असं न लिहिता नेमकी एररची ओळ आणि त्यामागचं वर्ष लिहायचं. "तुमचा सायफर २०१६ पासून धोक्याचा ठरलाय" हे वाक्य मॅनेजरलाही कळतं.

हे भांडणच नको म्हणून जेसन डोनेनफेल्डने वायरगार्ड लिहिलं. सायफरवर वाटाघाटी नाहीतच, एकच ठरलेला संच. उद्या तो फुटला तर सगळ्यांनी एकदम नवी आवृत्ती घ्यायची. सुमारे चार हजार ओळींचा कोड, २०१८ मध्ये खुद्द लिनस टोर्व्हाल्ड्सने त्याची तोंड भरून स्तुती केली होती. कर्नल ५.६ मधून तो २९ मार्च २०२० ला आला, म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊनचा पहिला आठवडा, आणि सगळी आयटी जनता डायनिंग टेबलावरून व्हीपीएनला लटकलेली!

त्या घाईत किती हापिसांनी दहा-दहा वर्षांची सर्टिफिकेटं बनवली असतील, विचार करा. त्यांची मुदत २०३० मध्ये संपेल. त्याच्या आधीच क्वांटम कॉम्प्युटरला पुरून उरणाऱ्या किल्ल्यांची लाट आलेली असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचं पहिलं प्रमाण जाहीर झालं, आणि एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये त्या आल्याही. म्हणजे लॉगमध्ये एक नवी ओळ दिसण्याचा दिवस फार लांब नाही.

असो. या वीकेंडला दहा मिनिटं काढा आणि आपल्या व्हीपीएनचं सर्टिफिकेट उघडून तीन गोष्टी बघा: सही कशाने केली आहे, किल्ली किती बिटांची आहे आणि मुदत कधी संपते. काय सापडलं ते प्रतिक्रियेत जरूर कळवा... हापिसचं नाव मात्र नको. :)