विषाणू सगळ्यांतच आहे, मग तपासायचा कशाला?

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलोव्हायरससाठी दर आठवड्याला रक्ताची पीसीआर करणे म्हणजे उधळपट्टी, असा सूर आपल्याकडे अधूनमधून लागतो. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: हा विषाणू बहुतेक भारतीय प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून मुक्कामाला असतो, मग तो सापडला यात नवल काय? ताप आला, धाप लागली, की बघू.

इथे दोन चाचण्यांची गल्लत होते. प्रतिपिंडांची चाचणी विषाणू कधीतरी शरीरात शिरला, एवढेच सांगते. पीसीआर रक्तातला त्याचा डीएनए मोजते. त्याचा आकडा चढू लागला तर विषाणू जागा झाला आहे. त्याला वेसण घालणाऱ्या टी-पेशी प्रत्यारोपणाच्या उपचारांत नाहीशा होतात आणि दात्याच्या पेशींना ते काम पेलायला महिने लागतात. म्हणजे ‘सगळ्यांतच आहे’ हा मुद्दा तपासणीच्याच बाजूचा साक्षीदार ठरतो.

आता ‘धाप लागल्यावर बघू’. सिएटलच्या गुडरिच आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये, केवळ कल्चरमध्ये विषाणू दिसलेल्या, पण आजार नसलेल्या रुग्णांना गॅनसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध दिले. आजार झाला 37 पैकी एकाला. औषधाविना ठेवलेल्या 35 पैकी 15 जणांना. मृत्यूही कमी झाले. त्या काळी या विषाणूचा न्यूमोनिया जडल्यावर सुरू केलेले उपचार बहुतेकांना वाचवू शकत नसत.

मग सरसकट सगळ्यांनाच औषध द्या की, असे म्हणणारे अधिक हुशार. तोही प्रयोग 1993 मध्ये झाला. आजार घटला, पण गॅनसायक्लोव्हिर नव्या मज्जेलाच दाबते. पांढऱ्या पेशी घसरल्या आणि जगणाऱ्यांची संख्या काही वाढली नाही. 2017 मध्ये मान्यता मिळालेले लेटरमोव्हिर मज्जेला असा धक्का देत नाही, त्यामुळे या पक्षाचे पारडे जड झाले, हे मान्य करायला हवे. तरी औषध थांबल्यावर विषाणू उशिरा डोके वर काढतोच, आणि तेव्हा पीसीआरवाचून तो कळत नाही.

पीसीआरच्या भक्तांनाही एक गोष्ट सांगावी लागेल. आतड्यातला आजार रक्त स्वच्छ दाखवत असतानाही असू शकतो. जुलाब थांबत नसतील तर अहवालाकडे बोट दाखवून भागत नाही, कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासायलाच हवा.