जिस्ट अर्बुद : शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

जठर व आतड्यांच्या भिंतीतील, काहाल पेशींशी नाते असलेले अर्बुद म्हणजे जिस्ट. निम्म्याहून अधिक गाठी जठरात, त्याखालोखाल लहान आतड्यात होतात. लसीका ग्रंथींत हा रोग क्वचितच पसरतो, म्हणून त्या सरसकट काढाव्या लागत नाहीत. गाठ कडेच्या थोड्या निरोगी भागासह अखंड निघाली की पुरते. ‘अखंड’ हाच कळीचा शब्द. ही गाठ बहुधा मऊ, ठिसूळ. चिमट्यात धरली तर फुटू शकते, आणि फुटली की पोटभर पेशी पेरून जाते. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती पिशवीत घालूनच बाहेर आणतात.

रोग परतण्याचा धोका गाठीचा आकार, जागा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली पेशीविभाजने यांवरून ठरवतात. जठरातली २ सेंमी.हून लहान गाठ सहसा परतत नाही, १० सेंमी.हून मोठी, वेगाने वाढणारी गाठ मात्र यकृतात किंवा उदरपटलावर पुन्हा डोके वर काढते.

इमॅटिनिब हे औषध येण्यापूर्वी गाठ पूर्ण काढूनही पाच वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन-जर्मन चाचणीत अधिक धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हे औषध एका वर्षाऐवजी तीन वर्षे दिले, तेव्हा पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८१.७ वरून ९२ टक्क्यांवर गेले. औषध थांबवल्यावर काहींत रोग उलटतोच, त्यामुळे सीटी स्कॅनच्या फेऱ्या अनेक वर्षे चालू राहतात. पीडीजीएफआरए जनुकात डी८४२व्ही हा बदल असलेल्या गाठींवर इमॅटिनिब चालत नाही.